निवडपत्र आले आहे, पण पैसे भरू का?

वाचकाचे पत्र : मी सांगोला तालुक्यातील एका गावात राहते आणि बी.एस्सी. (कृषी) पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका आहे. गेल्या आठवड्यात इस्तंबूल येथे होणाऱ्या पाच दिवसांच्या एका आंतरराष्ट्रीय युवा परिषदेसाठी माझी ‘प्रतिनिधी’ म्हणून निवड झाल्याचा ईमेल आला. अर्जात दोनच प्रश्न होते आणि उत्तर तीन दिवसांत आले. आता चार दिवसांच्या आत ३९० डॉलर भरायचे आहेत. विमानभाडे आणि व्हिसा वेगळा, म्हणजे सगळे मिळून सव्वा लाखाच्या घरात जाते. तेल्या रोगाने डाळिंबाची बाग गेल्यापासून घरात पैसे नाहीत, तरीही वडील आईच्या पाटल्या गहाण ठेवायला तयार आहेत. शिवाय पुण्यातील एक एजंट सहा आठवड्यांच्या परदेशी स्वयंसेवेसाठी ९० हजार रुपये मागतो आहे आणि ‘ही दोन्ही प्रमाणपत्रे असली की शिष्यवृत्ती नक्की’ असे सांगतो आहे. नातेवाइकांना निवडीची बातमी कळली आहे. आमचा प्रवर्ग भटक्या जमाती (क) आहे. मी पैसे भरावेत का? आणि भरले नाहीत, तर माझ्यासारख्या मुलीला परदेशी शिकायला जाण्याचा दुसरा काही मार्ग आहे का?
— एक विद्यार्थिनी, सांगोला तालुका

प्रिय विद्यार्थिनीस,

तुम्हाला दिलेली मुदत चार दिवसांची आहे, म्हणून आधी उत्तर देते आणि कारणे नंतर सांगते. परिषदेचे पैसे भरू नका, एजंटलाही देऊ नका, आणि आईच्या पाटल्या घरातच राहू द्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. मार्ग आहेत, एकाहून अधिक आहेत, आणि त्यांतील काही तर तुमच्या घरापासून सोलापूरपर्यंतच्या अंतरातच सुरू होतात.

ज्या परिषदेने तुम्हाला निवडले, तिने तुमच्याविषयी काय जाणून घेतले, याचा विचार करा. दोन प्रश्नांची उत्तरे वाचून तीन दिवसांत कोणाचीही पारख होत नाही. अशा परिषदांचे गणित बहुधा ठरलेले असते. जाहिरातीत ‘सर्व खर्च आमचा’ अशा मोजक्या जागा ठळकपणे दाखवल्या जातात, त्यांच्या ओढीने जगभरातून अर्ज येतात, आणि मग बाकीच्या जवळजवळ सर्वांना ‘तुमची निवड स्वखर्चाच्या गटात झाली आहे’ असे पत्र पाठवले जाते. कार्यक्रम प्रत्यक्षात होतो, हॉटेल असते, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात आणि प्रमाणपत्रही मिळते, त्यामुळे त्याला सरसकट फसवणूक म्हणता येणार नाही. पण ती प्रमाणपत्रासह घडवलेली सहल आहे, निवड नव्हे. ज्याला सहल परवडते त्याने ती खुशाल करावी. सोने गहाण ठेवून करू नये.

ईमेलमध्ये निळ्या रंगाचे बोधचिन्ह आणि ‘संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी’ अशी ओळ असेल, तर तीही नीट वाचा. शाश्वत विकास उद्दिष्टांचा उल्लेख कोणीही करू शकतो. तेवढ्याने संयुक्त राष्ट्रांचा त्या कार्यक्रमाशी संबंध सिद्ध होत नाही. नोकरभरतीच्या कोणत्याही टप्प्यावर आपण शुल्क घेत नाही, असे संयुक्त राष्ट्रांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेले आहे. शाळा-महाविद्यालयांत भरणाऱ्या प्रतिरूप संयुक्त राष्ट्र सभाही त्या संघटनेच्या नसतात, त्या त्या आयोजकांच्या असतात.

आता खऱ्या योजनांत पैसा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहा. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती मिळाली, तर शिकवणी शुल्क माफ होते आणि दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, विद्यार्थ्याच्या हाती येतात. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून दिली जाते. तिच्यात एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे शुल्क, राहण्याचा भत्ता आणि प्रवासखर्च येतो, आणि अर्जाला एक पैसाही पडत नाही. भारत आणि अमेरिका यांच्यातील फुलब्राइट करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला आणि आज फुलब्राइट-नेहरू या नावाने त्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. जर्मनीची डाड ही विनिमय संस्था १९२५ पासून काम करते आहे. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती दूतावासामार्फत मिळते. यांपैकी कोणीही ‘निवड झाली, आता चार दिवसांत पैसे भरा’ असे पत्र पाठवत नाही. ते तुमच्याकडून वेळ मागतात, कागदपत्रे मागतात, निबंध मागतात, मुलाखत घेतात, कित्येक महिने ताटकळत ठेवतात, आणि निवड झाली की खर्च तेच उचलतात.

अर्थात, खरा मार्गही पूर्णपणे फुकट नसतो. आयईएल्टीएससारख्या इंग्रजी परीक्षेला चांगले पंधरा-वीस हजार रुपये लागतात आणि तिचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. जर्मनीत शिकण्यासाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, घ्यावे लागते आणि त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. अनेक जर्मन विद्यापीठांचे अर्ज उनी-असिस्ट या संस्थेमार्फत जातात आणि तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो पडतात. मग हे शुल्क आणि ते शुल्क यांत फरक काय? परीक्षेचे किंवा कागदपत्रांच्या छाननीचे शुल्क भरल्याने तुमची निवड होईल, असे कोणीही म्हणत नाही. ते उत्तीर्णालाही भरावे लागते आणि अनुत्तीर्णालाही. परिषदेचे शुल्क मात्र निवडीचीच किंमत असते. ‘पैसे भरले नाहीत तर निवड रद्द’ हे वाक्य जिथे आढळेल, तिथे थांबावे.

एजंटच्या प्रस्तावाविषयी मला अधिक काळजी वाटते, कारण स्वयंसेवा हा शब्द ऐकला की आपल्याकडे कोणी संशय घेत नाही. सहा आठवड्यांसाठी परदेशातील एखाद्या शाळेत किंवा अनाथाश्रमात जायचे, मुलांना शिकवायचे आणि त्यासाठी आपणच ९० हजार मोजायचे, असा हा व्यवहार आहे. तिथली भाषा तुम्हाला येत नाही, शिकवण्याचे प्रशिक्षण नाही, आणि मुलांना तुमचा लळा लागेपर्यंत तुमची परतीची वेळ झालेली असते. अनाथाश्रमांच्या बाबतीत तर जगभरातून अशी उदाहरणे समोर आली आहेत की, पैसे देणारे पाहुणे येत राहावेत म्हणून आईवडील हयात असलेल्या मुलांनाही तिथे आणून ठेवले जाते. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने आधुनिक गुलामगिरीविषयी २०१८ मध्ये कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली होती. शिवाय अनेक देशांत पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करणे हे काम करणेच मानले जाते. एजंट तुम्हाला कोणत्या व्हिसावर पाठवणार आहे, हे त्याला लेखी विचारा. बहुतेक वेळा तेवढ्या एका प्रश्नावर बोलणे संपते.

परदेशात स्वयंसेवा करण्याची मनापासून इच्छा असेल, तर तिच्यासाठी रीतसर वाटाही आहेत. जर्मनीत २७ वर्षांखालील तरुणांसाठी सामाजिक किंवा पर्यावरणीय कामाचे स्वयंसेवी वर्ष असते, आणि २०११ पासून तिथे संघीय स्वयंसेवा योजनाही आहे. या वर्षात खिशाला हातखर्च मिळतो, विमा मिळतो, बऱ्याच ठिकाणी राहण्या-जेवणाचीही सोय होते, आणि त्यासाठी वेगळा व्हिसा असतो. पर्यावरणीय वर्षात सेंद्रिय शेतीच्या शेतावरही काम करता येते, हे तुमच्या उपयोगाचे आहे. मात्र जुजबी का होईना, जर्मन भाषा यावी लागते. विकसनशील देशांतील १८ ते २८ वयाच्या तरुणांना भागीदार संस्थांमार्फत जर्मनीत बोलावणारी ‘वेल्टवेर्ट्स’ योजनेची एक शाखाही आहे. आणि घर न सोडता काही करायचे असेल, तर संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक संघटनेचे ऑनलाइन काम आहे. या संघटनेची स्थापना १९७० मध्ये झाली, तिचे मुख्यालय जर्मनीतील बॉन शहरात आहे, आणि तिच्या संकेतस्थळावर अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही नोंदणी करता येते, विनामूल्य. भाषांतर, माहितीचे संकलन, तक्ते तयार करणे अशी कामे तिथे असतात. सांगोल्यात बसून केलेले असे तीन महिन्यांचे काम छाननी करणाऱ्यांच्या लेखी इस्तंबूलच्या प्रमाणपत्रापेक्षा निश्चितच वजनदार ठरेल.

‘दोन प्रमाणपत्रे असली की शिष्यवृत्ती नक्की’ हे एजंटचे म्हणणे मी इतक्या ठामपणे का खोडून काढते आहे, हेही सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्तीच्या प्राथमिक छाननीत अर्ज वाचण्याचे काम माझ्याकडे आले होते. परिषदांची प्रमाणपत्रे जवळजवळ प्रत्येक अर्जाला जोडलेली होती, आणि म्हणूनच ती पाहून एकाही अर्जाविषयी आमचे मत बदलले नाही. मत बदलले ते साध्या, पण स्वतः केलेल्या कामाच्या वर्णनांनी. एका मुलाने आपल्या गावातील पाणीवाटपाची वही दोन वर्षे ठेवली होती आणि त्या वहीतून त्याला काय दिसले ते त्याने दीड पानात लिहिले होते. तो अर्ज मला अजून आठवतो.

तुमच्याकडे अशी वही आहे का, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे. तुम्ही ‘रावे’च्या, म्हणजे कृषी पदवीतील ग्रामीण कार्यानुभवाच्या, निमित्ताने काही महिने गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम केले असणार. तुमच्या स्वतःच्या घरची बाग तेल्याने गेली. बहार कोणता धरला होता, पहिला डाग केव्हा दिसला, किती फवारण्या झाल्या, त्यांवर किती खर्च झाला, शेजारच्या कोणाची बाग वाचली आणि त्याने काय वेगळे केले होते, हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे किंवा विचारून कळू शकते. वडिलांबरोबर बसून ते लिहून काढा आणि आजूबाजूच्या वीस-पंचवीस बागांची अशीच नोंद करा. तुमच्या घरावर आलेले संकट हा तुमच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो, आणि तो विषय तुमच्याइतक्या जवळून पाहिलेला उमेदवार निवड समितीला सहसा भेटत नाही.

पुढचे पाऊल मला सोलापूरच्या दिशेने दिसते. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगाव येथे आहे, हे कृषीची विद्यार्थिनी म्हणून तुम्हाला माहीत असेलच. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अशा केंद्रांत प्रकल्पांपुरती ‘यंग प्रोफेशनल’ किंवा प्रकल्प सहायक अशी पदे निघतात. कृषी विज्ञान केंद्रे आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. पदवीनंतरची दोन वर्षे अशा ठिकाणी काढलीत, तर तुमच्यासाठी एकदम अनेक दारे उघडतात, कारण मोठ्या शिष्यवृत्त्यांपैकी कित्येकांना अनुभवाची अट असते. चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा अनुभव लागतो आणि त्यात विनावेतन किंवा स्वयंसेवी कामाचे तासही धरले जातात. फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव लागतो. तिला चार वर्षांची पदवी लागते आणि तुमची कृषी पदवी चार वर्षांचीच आहे, तेव्हा बी.ए. किंवा साधी बी.एस्सी. केलेल्यांना येणारी ती अडचण तुम्हाला येणार नाही. डाडच्या विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीला पदवीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव हवा आणि पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको. शेती, ग्रामविकास आणि पाणी हे त्या योजनेचे हक्काचे विषय आहेत.

इरॅस्मस मुंडुसला मात्र अनुभवाची सरसकट अट नसते आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातही अर्ज करता येतो. तुमच्या विषयाला धरून दोन अभ्यासक्रम सुचवते : व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा वनस्पती आरोग्याचा अभ्यासक्रम, ज्यात पिकांचे रोग आणि किडी हाच मुख्य विषय आहे, आणि बेल्जियममधील गेंट विद्यापीठाचा ग्रामविकासाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. या अभ्यासक्रमांना मिळणारा युरोपीय निधी काही वर्षांच्या टप्प्याने मंजूर होतो, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या जागा आहेत की नाहीत, हे त्या अभ्यासक्रमाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावे. अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारी या काळात मागवले जातात आणि वर्ग पुढच्या सप्टेंबरमध्ये सुरू होतात. मधला कोणीही लागत नाही. अर्ज थेट त्यांच्याकडेच जातो.

तुम्ही प्रवर्ग कळवलात ते बरे झाले. भटक्या जमाती, विमुक्त जाती, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाज कल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे, आणि अनुसूचित जमातींसाठी व खुल्या प्रवर्गासाठीही स्वतंत्र योजना आहेत. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी तेवढा उल्लेख करून ठेवते. या योजनांत उत्पन्नाची मर्यादा, वयाची अट आणि विद्यापीठाच्या क्यूएस जागतिक क्रमवारीची अट असते. क्रमवारीची अट तुम्ही विशेष काळजीने पाहावी, कारण शेतीसाठी नावाजलेले विद्यापीठ एकूण क्रमवारीत मागे असू शकते. नेदरलँड्सचे वागेनिंगेन विद्यापीठ शेतीविषयाच्या यादीत वर्षानुवर्षे पहिले राहिले आहे, पण सर्व विषयांच्या एकत्रित यादीत ते पहिल्या शंभरात नसते. मनात भरलेले विद्यापीठ योजनेच्या यादीत बसते का, हे प्रवेशाचा अर्ज करण्याआधीच तपासा. दुसरे असे की, या योजनांना साधारणपणे विनाअट प्रवेशपत्र आधीच हातात असावे लागते, म्हणजे प्रवेशाची तयारी जाहिरातीच्या किमान आठ-दहा महिने आधी सुरू व्हायला हवी. जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी तहसील आणि समितीच्या कार्यालयांत किती खेटे घालावे लागतात, ते तुमच्या वडिलांना सांगायला नको. ते काम आजच सुरू करा.

सरकारी जर्मन विद्यापीठांत शुल्क नसते, असे तुम्ही ऐकले असेल. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात आणि अलीकडे म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही शुल्क सुरू केले आहे. अशी ठिकाणे सोडली तर ते बरेचसे खरे आहे. पण शिष्यवृत्तीविना जायचे तर व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे ११ लाख रुपयांहून अधिक रक्कम, गोठवलेल्या खात्यात आधी दाखवावी लागते. एजंट शुल्कमाफीची गोष्ट रंगवून सांगतात आणि या रकमेविषयी शेवटी बोलतात. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढण्याचा विचार घरात निघालाच, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या : बहुतेक बँका साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून सहसा स्वीकारत नाहीत. शेतकऱ्याच्या घरातील मुलांची इथेच अडचण होते, आणि ती प्रवेश मिळाल्यावर कळते.

या बाबतीत जुन्या न्यासांची मदत होऊ शकते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापन केलेला जे. एन. टाटा निधी आणि १९५६ पासूनची के. सी. महिंद्र शिष्यवृत्ती या दोन्ही कर्जरूप शिष्यवृत्त्या आहेत. महिंद्र न्यासाचे कर्ज बिनव्याजी असते. टाटा निधीच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. परदेशी शिकायला गेलेल्या मुलींची आपल्या भागातील परंपरा इतकी जुनी आहे, हे तुमच्या आईला आवर्जून सांगा. पण ‘शिष्यवृत्ती’ या शब्दाआधी ‘कर्जरूप’ हा शब्द आहे आणि ते पैसे परत करायचे असतात, हे मात्र विसरू नका.

परतफेडीइतकीच महत्त्वाची असते ती करारातील बांधिलकी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी, असा तो करार होता. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, आणि तो पूर्ण करण्यासाठी स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी शिष्यवृत्तीच्या कागदातील ही दोन कलमे, मुदत आणि बांधिलकी, तितकीच निर्णायक आहेत. चेव्हनिंग घेतलीत तर शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशात राहावे लागते. फुलब्राइटवर गेलेल्यांनाही परतून दोन वर्षे इथे काढल्याशिवाय अमेरिकेत स्थायिक होण्याचा व्हिसा मिळत नाही. तुम्हाला परत येऊन डाळिंबावर काम करायचे असेल, तर या अटी तुमच्या आड येणार नाहीत. पण सही करण्यापूर्वी त्या वडिलांना मराठीत समजावून सांगा.

हेतुपत्राविषयी, ज्याला मुले एसओपी म्हणतात, थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक अर्ज तिथेच पडतात. ‘लहानपणापासून मला शेतकऱ्यांची सेवा करण्याची आवड आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. मी वाचलेल्या अर्जांपैकी निम्म्यांची सुरुवात अशीच होती. इंटरनेटवरचा नमुना घेऊन त्यात आपले नाव घालू नका. पहिला मसुदा मराठीत लिहा. त्यात बागेची हकीकत असू द्या, तारखा आणि आकडे असू द्या, जे तुम्हाला समजले नाही तेही असू द्या, आणि ते समजण्यासाठी नेमका तोच अभ्यासक्रम का हवा, त्यातील कोणता विषय कोणत्या प्रश्नाला उपयोगी पडेल, हे लिहा. मग त्याचे साध्या, छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत रूपांतर करा. मराठी माध्यमाचा जो न्यूनगंड तुमच्या पत्रात मला जाणवला, त्याची इथे गरज नाही. पदवीचा अभ्यास तुम्ही इंग्रजीतूनच केला आहे, आणि समितीला अलंकारिक इंग्रजी नको असते, स्पष्ट विचार हवा असतो. बोलण्याचा सराव मात्र रोज करावा लागेल. एखाद्या मैत्रिणीला रोज वीस मिनिटे शेतातील एखादी गोष्ट इंग्रजीतून समजावून सांगा. आयईएल्टीएसची बोलण्याची परीक्षा याहून फार वेगळी नसते.

शिफारसपत्रांच्या बाबतीत आपल्या महाविद्यालयांत एक सवय आहे. प्राध्यापक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ ते कामाच्या ओझ्यामुळे म्हणतात, त्यांचा दोष नाही. पण तीन पत्रांची भाषा एकसारखी निघाली की समितीला लगेच कळते. सरांना विनंती करा की पत्र त्यांनीच लिहावे, आणि त्यांना आठवण राहावी म्हणून तुमच्या कामाचे एक पानी टिपण सोबत द्या. दुसरे पत्र ‘रावे’च्या वेळच्या मार्गदर्शकांचे घ्या. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनाही भेटा, कारण केंद्रीय युवक कार्यक्रम मंत्रालय मित्रदेशांत तरुणांची जी शिष्टमंडळे पाठवते, त्यांच्या निवडीत सेवा योजनेच्या स्वयंसेवकांचा विचार होतो. परिषदच अनुभवायची असेल, तर ती अशी अनुभवावी.

राहिला नातेवाइकांचा प्रश्न. तो लहान नाही, हे मला समजते. गावात बातमी पसरल्यावर माघार घेणे जड जाते आणि त्या लाजेपोटी लोक पैसे भरून मोकळे होतात. कोणी विचारले तर सरळ सांगा, ‘तिथे पैसे भरून जायचे होते, मी पैसे न भरता जाण्याची तयारी करते आहे.’ यात खोटे काही नाही. आयोजकांना दोन ओळींचा नकार पाठवा आणि त्यांच्या पुढच्या ईमेलना, विशेषतः ‘खास तुमच्यासाठी सवलत’ असे सांगणाऱ्या ईमेलना, उत्तर देऊ नका. पासपोर्टची प्रत त्यांना अजून दिली नसेल तर देऊ नका. पासपोर्ट काढलाच नसेल, तर तो मात्र आता काढून घ्या. १,५०० रुपये लागतात आणि सोलापुरात सोय आहे.

वडील पाटल्या गहाण ठेवायला तयार झाले, याचा अर्थ मुलीच्या शिक्षणासाठी ते काहीही करतील असा आहे, आणि ते बळ जपून वापरायला हवे. त्यांच्याकडून पैशांऐवजी बागेची हकीकत मागा. येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्यासमोर बसा आणि पहिला डाग कोणत्या झाडावर दिसला तिथून सुरुवात करा. हेतुपत्राचा मराठी मसुदा तयार झाला की मला पाठवा. मी तो वाचून, खुणा करून परत पाठवीन.